पंधरा मिनिटांचा वायदा

कांद्याचा भाव लासलगावला ठरतो हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण विजेचा भाव कुठे ठरतो असं विचारलं, तर इलेक्ट्रिकलचा फायनल इयरवालासुद्धा जरा डोकं खाजवेल. "सरकार ठरवतं, दुसरं कोण?" हे नेहमीचं उत्तर. ते अर्धवट बरोबर आहे. आपल्या बिलावरचा दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो, हे खरं. पण वितरण कंपनी घाऊक वीज विकत घेते, त्या व्यवहाराचा एक भाग आता चक्क लिलावाने होतो. तिथे दिवसातून ९६ वेळा भाव ठरतो. भर दुपारी जी वीज पडत्या भावात मिळते, तीच रात्री आठच्या सुमाराला कित्येक पटींनी महाग होते.

पॉवर सिस्टिम्सच्या पेपरला आपण लोड फ्लो सोडवतो, फॉल्ट करंट काढतो. त्या गणितात प्रत्येक जनरेटरचे मेगावॅट 'दिलेले' असतात. ते कोणी दिले, कधी दिले आणि दिल्याप्रमाणे जनरेटर वागला नाही तर काय होतं, हे मात्र त्या गणितात येत नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

माल वेगळा, म्हणून बाजार वेगळा

कांदा चाळीत ठेवता येतो. आज भाव पडला तर शेतकरी काही दिवस थांबू शकतो. वीज थांबत नाही. ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी ती वापरली जावी लागते. साठवणुकीचे उपाय आहेत, नाही असं नाही. घाटघरला उदंचन प्रकल्प आहे. वीज उरली की पाणी वर चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडून वीज करायची. पण त्याची क्षमता २५० मेगावॅट, आणि देशाची मागणी ३० मे २०२४ रोजी अडीच लाख मेगावॅटच्या घरात गेली होती. मोठमोठ्या बॅटऱ्याही आता बसू लागल्या आहेत, पण एवढ्या मागणीपुढे आज तरी त्या अपुऱ्याच.

मागणी आणि पुरवठा यांचा मेळ बसला नाही तर? दुकानात माल संपला की शेवटचा गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परततो. ग्रिडवर तसं होत नाही. मागणी वाढली की जोडलेले सगळेच जनरेटर किंचित मंदावतात, फिरत्या रोटरमधली ऊर्जा तूट भरून काढते आणि फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली येते. पुरवठा जास्त झाला तर ती वर जाते. म्हणजे एकाने जास्त ओढलं तर त्याचा हिसका सगळ्यांनाच बसतो.

दुसरी गंमत अशी की चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात तयार झालेली वीज कोणाच्या पंख्यात गेली, हे कोणीच सांगू शकत नाही. ग्रिड ही एक सामायिक टाकी आहे. सगळे तिच्यात ओततात, सगळे तिच्यातून काढतात.

मग या बाजारात विकतात तरी काय? तर वायदा! "उद्या रात्री ८ ते ८.१५ या वेळात मी टाकीत १०० मेगावॅट ओतीन," असा विकणाऱ्याचा वायदा आणि "त्याच वेळात मी १०० मेगावॅट काढीन," असा घेणाऱ्याचा वायदा. या वायद्यांच्या तक्त्यालाच शेड्यूल म्हणतात. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा आकडा. एका तुकड्यात १ मेगावॅट म्हणजे २५० युनिट, हा हिशेब पुढे लागणार आहे, लक्षात असू द्या.

बोर्डाचा जमाना

आपल्याकडे अजूनही लाइट गेली की लोक 'एमएसईबीवाल्यांना' फोन लावतात. खरं तर महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ जून २००५ मध्येच विभागलं गेलं. निर्मितीची महानिर्मिती, पारेषणाची महापारेषण, वितरणाची महावितरण, आणि या तिघींवर एक सूत्रधारी कंपनी. त्याआधी वीज बनवणारा, वाहून नेणारा आणि घरोघर विकणारा बहुतेक ठिकाणी एकच होता. स्वतःच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे टाकायचे, तर भाव कसला ठरवायचा?

मंडळाने बाहेरून वीज घेतली ती दीर्घ मुदतीच्या कराराने. त्यातला सगळ्यात गाजलेला करार दाभोळचा. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये मंडळाने तिथली वीज घेणं थांबवलं. अशा करारात दोन आकार असतात. प्रकल्प तयार ठेवल्याबद्दलचा स्थिर आकार, आणि प्रत्यक्ष विजेचा इंधन आकार. वीज घ्या वा न घ्या, स्थिर आकार चुकत नाही. मेसचं महिन्याचं कंत्राट केलं आणि गावाला गेलो, तरी पैसे भरावे लागतात तसंच हे. एवढी महाग वीज मंडळाला परवडेना आणि ती दुसऱ्या कोणाला विकायला उघडा बाजारही नव्हता.

त्यानंतर आला वीज कायदा, २००३. औष्णिक प्रकल्प उभारायला परवान्याची अट गेली, वीज-व्यापार हा स्वतंत्र धंदा ठरला, आणि तारा कोणाच्याही असोत, ठरलेलं भाडं भरून त्यातून वीज नेण्याचा हक्क, म्हणजे ओपन ॲक्सेस, मिळाला.

आधी शिस्त, मग बाजार

पण बाजार भरवण्याआधी एक मोठं काम व्हावं लागलं. वायदा मोडणाऱ्याला दंड लावण्याची सोय हवी होती.

विसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी पाहिली असती तर आज कोणी विश्वास ठेवणार नाही. संध्याकाळी साडेअठ्ठेचाळीसच्याही खाली आणि मध्यरात्री एक्कावन्नच्या वर! कारण साधं होतं. संध्याकाळी राज्यं वाट्यापेक्षा जास्त ओढायची आणि युनिटला तोच नेहमीचा दर भरायची. रात्री मागणी नसतानाही केंद्रं वीज ओतत राहायची, कारण जितके युनिट जास्त तितके पैसे जास्त. चुकीचं वागण्यातच फायदा होता.

यावर तोडगा निघाला तो अव्हेलेबिलिटी बेस्ड टॅरिफचा, म्हणजे एबीटीचा. भानू भूषण हे या योजनेचे शिल्पकार मानले जातात. आपल्या पश्चिम विभागात ती १ जुलै २००२ पासून, देशात सर्वांत आधी लागू झाली. तिचे तीन भाग होते. पहिला स्थिर आकार, प्रकल्प किती उपलब्ध आहे त्यावर. दुसरा इंधन आकार, पण प्रत्यक्ष विजेवर नव्हे तर शेड्यूलवर. आणि तिसरा, खरी करामत असलेला, शेड्यूलपेक्षा कमी-जास्त झालेल्या विजेचा आकार. त्याचा दर फ्रिक्वेन्सीला बांधला होता. सुरुवातीला ५०.५ हर्ट्झला दर शून्य आणि ४९ हर्ट्झला ४ रुपये २० पैसे युनिट.

जरा विचार करा, ही कल्पना किती सुंदर आहे. तूट वाढली की फ्रिक्वेन्सी पडते आणि दर चढतो. अशा वेळी जास्त ओढणाऱ्याला भुर्दंड आणि जास्त वीज देणाऱ्याला बक्षीस. फ्रिक्वेन्सी चढली की उलटं. शेअर बाजाराचा भाव कळायला टीव्ही लागतो. इथे भिंतीतल्या कुठल्याही सॉकेटमध्ये फ्रिक्वेन्सी मीटर खुपसला की त्या क्षणाचा भाव कळत होता! कंट्रोल रूममधला इंजिनिअर कोणाला फोन न करता ठरवू शकत होता की सेट वाढवायचा की उतरवायचा.

एका दिवसाचं शेड्यूल कसं बनतं

आदल्या दिवशी सकाळी प्रत्येक केंद्र जाहीर करतं की उद्या ९६ तुकड्यांत मी इतके मेगावॅट देऊ शकतो. केंद्रीय प्रकल्पांतला प्रत्येक राज्याचा वाटा ठरलेला असतो. त्यातलं किती हवं ते राज्य कळवतं. राज्याच्या आतला हिशेब ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र बघतं, पश्चिम विभागाचा मुंबईतलं विभागीय केंद्र, आणि सगळ्यांच्या वर दिल्लीचं राष्ट्रीय केंद्र.

कोणाची वीज आधी घ्यायची? ज्याचा इंधन आकार कमी त्याची आधी. याला मेरिट ऑर्डर म्हणतात. खाणीजवळचं कोळशाचं केंद्र वरच्या क्रमांकावर, आयात इंधनावर चालणारं खाली. स्थिर आकार इथे मोजत नाहीत, कारण तो कसाही भरायचाच असतो.

कोयनेचा हिशेब मात्र निराळा. तिथे इंधन म्हणजे पाणी, ते फुकट, आणि यंत्रं काही मिनिटांत पूर्ण भार घेतात. पण कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी एवढंच पाणी दिलं आहे. मग आज दुपारी सोडलेलं पाणी एप्रिलमधल्या संध्याकाळी मिळणार नाही. म्हणून कोयना राखून ठेवायची आणि मोक्याच्या तुकड्यांत वापरायची.

हे सगळं अंदाजावर चालतं, बरं का! वळवाचा पाऊस आला की शेतीपंप बंद होतात आणि मागणी धाडकन खाली येते. ढग आले की सौर वीज गडगडते. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे मालवण्याचं आवाहन झालं होतं, आठवतं ना? तेव्हा देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॅटने उतरली आणि लगेच परत चढली. जलविद्युत केंद्रांना आधीच तयारीत ठेवलं होतं म्हणून ग्रिड तरला.

लिलाव : वहीवर सोडवून बघा

ढोबळमानाने देशातली नऊ-दशांश वीज अजूनही दीर्घ मुदतीच्या करारांतूनच येते. उरलेल्या गरजेसाठी अल्प मुदतीचे सौदे होतात, आणि त्यातला मोठा भाग वीज एक्स्चेंजवर होतो. इंडियन एनर्जी एक्स्चेंज जून २००८ मध्ये सुरू झालं, पॉवर एक्स्चेंज इंडिया त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, आणि हिंदुस्थान पॉवर एक्स्चेंज २०२२ मध्ये.

उद्याच्या विजेच्या बोली आज सकाळी १० ते १२ या वेळात लागतात. कोणाची बोली कोणालाच दिसत नाही. एका तुकड्याचं सोपं उदाहरण घेऊ. आकडे आपल्या सोयीचे आहेत.

विकणारे : अ (सौर) १०० मेगावॅट, २ रुपयांपासून. ब १५० मेगावॅट, साडेतीन रुपये. क १०० मेगावॅट, ५ रुपये. ड ८० मेगावॅट, ८ रुपये.

घेणारे : प १२० मेगावॅट, १० रुपयांपर्यंत. फ १०० मेगावॅट, ६ रुपये. म १०० मेगावॅट, साडेचार रुपये. न ८० मेगावॅट, ३ रुपये.

विकणारे स्वस्ताकडून महागाकडे लावा, घेणारे महागाकडून स्वस्ताकडे, आणि दोन जिने एकाच आलेखावर काढा. ते २५० मेगावॅटला, साडेचार रुपयांवर छेदतात. अ आणि ब यांची सगळी वीज खपली. प आणि फ यांना हवी तेवढी मिळाली, म ला शंभरातले फक्त ३०, न ला काहीच नाही. आणि भाव सगळ्यांना एकच, साडेचार रुपये. दोन रुपये मागणाऱ्या अ लाही साडेचारच मिळतात. म्हणून बोली लावताना आपला खरा खर्च सांगण्यातच शहाणपण असतं. जास्त सांगितला तर बाहेर राहण्याचा धोका.

आता रात्रीचे आठ वाजले. सौरवाला अ गेला आणि उकाडा असल्याने प ला १२० ऐवजी २६० मेगावॅट हवेत. ब आणि क मिळून २५० होतात. उरलेल्या १० मेगावॅटसाठी ड कडे जावं लागतं. बस, भाव ८ रुपये! शेवटच्या १० मेगावॅटनी सगळ्या २६० मेगावॅटचा भाव ठरवला. फ ची ६ रुपयांची बोली बाहेर पडली. फ ही एखादी वितरण कंपनी असेल आणि तिने दुसरी सोय केली नसेल, तर त्या पंधरा मिनिटांत तिच्या गावांना अंधारात बसावं लागतं. भारनियमन म्हटलं की आपण 'वीज नाही' असं समजतो. पुष्कळदा वीज असते, पण त्या भावाला घेणारा नसतो.

यात तारांचाही प्रश्न असतो. लिलावात जुळलेली वीज प्रत्यक्ष वाहून नेता येईल का, हे राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र तपासतं. वाट अपुरी असेल तर बाजाराचे तुकडे पडतात आणि पलीकडच्या भागात भाव चढतो. दक्षिण भारताने हे खूप वर्षं सोसलं. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचा ग्रिड उरलेल्या देशाशी एकलयीत आला. सोलापूरचं नाव या इतिहासात आहे, हे आपल्यातल्या सोलापूरकरांनी लक्षात ठेवायला हरकत नाही!

आदल्या दिवशीचा अंदाज चुकला तर काय? त्यासाठी १ जून २०२० पासून रिअल टाइम मार्केट चालू झालं. दर अर्ध्या तासाला एक, असे दिवसाला ४८ लिलाव, आणि बोली बंद झाल्यावर तासाभरात वीज वाहू लागते.

वायदा मोडला तर

समजा एका राज्याचं शेड्यूल २०,००० मेगावॅट आहे आणि त्याने ओढले २०,३००. ३०० गुणिले २५०, म्हणजे एका तुकड्यात ७५,००० युनिट जादा. दंडाचा दर १० रुपये धरला तर पंधरा मिनिटांचे साडेसात लाख रुपये. पण पैसे भरले म्हणजे सगळं भागलं, असं इथे नसतं.

३० जुलै २०१२ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास बिना–ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन ट्रिप झाली आणि उत्तर ग्रिड कोसळला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पुन्हा तेच, आणि या वेळी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य ग्रिडही गेले. साठ कोटींहून अधिक लोकांचा वीजपुरवठा तुटला. चौकशी समितीने जी कारणं दिली त्यात उत्तरेकडच्या राज्यांनी शेड्यूलपेक्षा जास्त वीज ओढणं हे होतंच, पण पश्चिमेकडच्यांनी कमी ओढणं हेही होतं. दुरुस्तीसाठी अनेक लाइन बंद होत्या, आणि कमी-जास्त करण्याच्या सूचना नीट पाळल्या गेल्या नाहीत. लाइनवर फॉल्ट नव्हताच. भार इतका वाढला की डिस्टन्स रिलेला तो फॉल्टसारखा दिसला.

फ्रिक्वेन्सी तेव्हा ५० च्या थोडीच खाली होती. म्हणजे फ्रिक्वेन्सीला बांधलेला दर धोक्याची घंटा वाजवत नव्हता. फ्रिक्वेन्सी सगळ्या ग्रिडवर एकच असते, पण प्रत्येक लाइनवरचा भार वेगळा असतो. एक आकडा दुसऱ्याबद्दल काही सांगत नाही. एबीटीच्या सुंदर कल्पनेची मर्यादा त्या दोन दिवसांत दिसली.

फेब्रुवारी २०१४ पासून नियम कडक झाले. फ्रिक्वेन्सी कितीही चांगली असली तरी शेड्यूलपासून किती हलायचं याला मर्यादा आली, आणि फ्रिक्वेन्सीचा पट्टा ४९.९० ते ५०.०५ एवढा आवळला गेला. पुढे विचलनाचे दर एक्स्चेंजवरच्या भावाशीही जोडले गेले, म्हणजे 'चुकून' ओढलेली वीज बाजारातल्या विजेपेक्षा स्वस्त पडू नये.

खोटे वायदे

वायदा चुकणं वेगळं आणि खोटा वायदा करणं वेगळं. याचा धडा कॅलिफोर्नियाने दिला. तिथे १९९८ मध्ये बाजार उघडला. वितरण कंपन्यांनी बहुतेक वीज रोजच्या लिलावातूनच घ्यायची, असं ठरलं. घाऊक भाव मोकळा, ग्राहकाचा दर मात्र गोठवलेला. २००० च्या उन्हाळ्यात भाव भडकले. महाग घ्यायची आणि स्वस्त विकायची, कोण किती दिवस टिकणार? २००१ च्या जानेवारीत आळीपाळीने भारनियमन सुरू झालं, त्याच महिनाअखेरीस तिथलं एक्स्चेंज बंद पडलं, आणि एप्रिलमध्ये पीजी अँड ई ही अवाढव्य कंपनी दिवाळखोरीत गेली.

नंतर उघड झालं की टंचाईला लबाडीचीही साथ होती. आपल्या ओळखीच्या एन्रॉनचे व्यापारी त्यात पुढे होते. 'फॅट बॉय' नावाच्या युक्तीत मुद्दाम फुगवलेल्या मागणीचं शेड्यूल द्यायचे. 'डेथ स्टार' या युक्तीत गर्दीच्या लाइनवर उलट्या दिशेने वीज पाठवण्याचं शेड्यूल करून गर्दी कमी केल्याचे पैसे घ्यायचे, आणि तीच वीज दुसऱ्या ग्रिडमधून फिरवून मूळ जागी आणल्याचं दाखवायचे. कागदावर मेगावॅट फिरले, प्रत्यक्षात एकही हलला नाही.

आपल्याकडे भावाला वेसण आहे. मार्च २०२२ मध्ये भाव २० रुपये युनिटला टेकला, तेव्हा केंद्रीय नियामक आयोगाने १२ रुपयांची कमाल मर्यादा घातली, आणि २०२३ मध्ये नेहमीच्या बाजारासाठी ती १० रुपयांवर आणली. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात भाव दिवसेंदिवस युनिटला ९ डॉलरवर होता, हे पाहिलं की मर्यादा हवीशी वाटते. पण तिची दुसरी बाजूही आहे. ज्याला १४ रुपये खर्च येतो, तो १० रुपयांना वीज का बनवेल? तो गप्प बसतो, आणि १० रुपये द्यायला तयार असणाऱ्यांनाही पुरेशी वीज मिळत नाही. भाव दाबला म्हणून टंचाई जात नाही, फक्त दिसेनाशी होते. यावर सोपं उत्तर कोणाकडेच नाही.

आपला संबंध काय?

एक मेगावॅटहून मोठ्या ग्राहकाला ओपन ॲक्सेसने बाहेरून वीज घेता येते. हरित विजेसाठी ही अट २०२२ च्या नियमांनी १०० किलोवॅटवर आणली आहे. म्हणजे बरीच हॉटेलं, हॉस्पिटलं आणि इंजिनिअरिंग कॉलेजंसुद्धा या बाजाराच्या दारात आली आहेत. उद्याचा भार ओळखणारा, ढगांचा अंदाज बांधणारा, बोली लावणारा आणि शिफ्टमध्ये बसून ती पाळायला लावणारा इंजिनिअर जागोजागी लागणार आहे. त्यात इलेक्ट्रिकलवाल्यांचं काम आहे तेवढंच कॉम्प्युटरवाल्यांचंही.

सुरुवात अगदी सोपी आहे. लॅबमधला डिजिटल फ्रिक्वेन्सी मीटर आठवडाभर लावून ठेवा. दुपारी दोन, संध्याकाळी सात आणि रात्री अकरा, असे आकडे टिपा. त्याच वेळांचे भाव एक्स्चेंज रोज जाहीर करतं, ते शेजारी लिहा. कुठे भाव चढा असूनही फ्रिक्वेन्सी ठीक दिसेल, कुठे भाव मर्यादेला चिकटलेला आणि फ्रिक्वेन्सी खाली दिसेल. कारण शोधता शोधता सेमिस्टरचा मिनी-प्रोजेक्ट होऊन जाईल, आणि व्हायव्हाला "हे मेगावॅट कोणी दिले?" असं सरांनी विचारलं, तर उत्तर तयार असेल.